एनसीएलकडे काम घेऊन जाताना: कोणते दार, कोणाची सही

पुण्यात पाषाणच्या होमी भाभा रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. गावात तिला सगळे एनसीएल म्हणतात. तिथे कोणी एमएस्सीचा प्रबंध करायला जातो, कोणी पीएचडीसाठी. कुरकुंभ किंवा महाडच्या कारखानदाराला उत्पादनातली अशुद्धी शोधून हवी असते, एखाद्याला किण्वनासाठी यीस्ट हवे असते, पुरवठादाराला निविदा भरायची असते. या प्रत्येकाचे दार वेगळे आहे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो. बहुतेक वेळा तो कोणी अडवलेला नसतो. ज्याच्या टेबलावर तो पडला, त्याला त्यावर सही करायचा अधिकारच नसतो. म्हणून आधी संस्थेची रचना समजून घ्या आणि मग पत्र लिहायला बसा.

मालक दिल्लीत, काम पाषाणला

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट ही, की एनसीएल कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र संस्था नाही. ती वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची, एक प्रयोगशाळा आहे. सीएसआयआर १९४२ साली सुरू झाली. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली ती नोंदलेली आहे. देशाचे पंतप्रधान तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात आणि विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री उपाध्यक्ष. रोजचा कारभार महासंचालक पाहतात, तेच केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाचे सचिवही असतात. सरकारचे अनुदान याच विभागातून परिषदेला आणि परिषदेकडून देशभरातल्या ३७ प्रयोगशाळांना मिळते. रसायनाशी नाते असलेल्या इतर प्रयोगशाळाही याच कुटुंबातल्या: हैदराबादची रासायनिक तंत्रज्ञानाची आयआयसीटी, भावनगरची मीठ व सागरी रसायनांची, कराईकुडीची विद्युतरसायनाची.

याचा व्यवहारातला अर्थ तीन ठिकाणी दिसतो. करारनामा होतो तो सीएसआयआरच्या नावाने. एनसीएलचे संचालक परिषदेच्या वतीने सही करतात. पेटंटचा अर्जदार सीएसआयआर असतो, एनसीएल नव्हे. आणि प्रशासन, वित्त, भांडार-खरेदी या तिन्ही शाखांचे अधिकारी परिषदेच्या समाईक सेवेतले असतात. त्यांची बदली पुण्याहून दिल्लीला किंवा लखनौला होऊ शकते, शास्त्रज्ञ मात्र सहसा पूर्ण कारकीर्द पाषाणलाच काढतो. त्यामुळे फाइल चालू असताना अधिकारी बदलला, तर नव्या अधिकाऱ्याला ती पहिल्या पानापासून वाचावी लागते. पत्रव्यवहाराची पूर्ण प्रत, तारखा आणि जावक क्रमांकांसह, आपल्याजवळ ठेवायची ती यासाठी.

पेटंट शोधणारे इथे हमखास फसतात. भारतीय पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या मोफत शोधसेवेत अर्जदार म्हणून प्रयोगशाळेचे नाव टाकले, तर हाती फारसे काही लागत नाही. अर्जदाराच्या रकान्यात परिषदेचे पूर्ण इंग्रजी नाव टाका आणि संशोधकाचे नाव किंवा विषयाचा शब्द जोडून शोध आवरता घ्या.

संचालकाच्या खाली काय काय आहे

संस्थेची पायाभरणी ६ एप्रिल १९४७ रोजी बाळासाहेब खेरांच्या हस्ते झाली. उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी जवाहरलाल नेहरूंनी केले. पहिले दोन संचालक, मॅकबेन आणि फिंच, परदेशी होते. तिसरे, के. वेंकटरामन, हे पहिले भारतीय संचालक. ते मुंबईच्या यूडीसीटी या विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून आलेले रंगद्रव्यांचे रसायनज्ञ. पुढे बा. द. टिळक, मग रासायनिक अभियंता एल. के. दोराईस्वामी, पॉलिमर अभियांत्रिकीतले रघुनाथ माशेलकर, कॅटॅलिसिसचे (उत्प्रेरणाचे) पॉल रत्नसामी, पॉलिमरचे एस. शिवराम. ही यादी पाठ करण्यासाठी दिलेली नाही. संचालकाचा विषय कोणता, यावर कोणता विभाग त्या दशकात वाढला हे ठरत आले आहे, आणि आजच्या विभागांची रचना त्याच थरांनी बनली आहे.

संचालकाभोवती दोन मंडळे असतात. संशोधन परिषद विज्ञानाची दिशा पाहते. तिचा अध्यक्ष बाहेरचा तज्ज्ञ असतो आणि सदस्यांत उद्योगातली माणसेही असतात. व्यवस्थापन परिषद अंतर्गत कारभार पाहते. तिचे अध्यक्ष स्वतः संचालक, आणि तिच्यात शास्त्रज्ञांच्या वेगवेगळ्या श्रेणींचे, तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आणि वित्त-प्रशासनाचे प्रतिनिधी बसतात. बाहेरच्या माणसाचा यांच्याशी थेट संबंध क्वचित येतो. पण एखाद्या मोठ्या प्रस्तावाला ‘परिषदेपुढे ठेवावे लागेल’ असे उत्तर आले, तर कोणत्या परिषदेपुढे, हे विचारायला संकोच करू नका. दोघींच्या बैठकांचे वेळापत्रक वेगळे असते.

त्याखाली वैज्ञानिक विभाग: सेंद्रिय रसायन, रासायनिक अभियांत्रिकी व प्रक्रिया विकास, पॉलिमर विज्ञान व अभियांत्रिकी, भौतिक व पदार्थ रसायन, कॅटॅलिसिस व अकार्बनी रसायन, आणि जैवरासायनिक विज्ञान. विभागांची नावे आणि सीमा काळानुसार बदलतात, म्हणून अर्ज करताना संस्थेच्या संकेतस्थळावरचे त्या दिवशीचे नाव लिहा.

विभागप्रमुख हा विद्यापीठातल्या विभागप्रमुखासारखा वाटला, तरी काम खऱ्या अर्थाने चालते ते शास्त्रज्ञाच्या गटात. एका विभागात असे अनेक गट असतात. एक शास्त्रज्ञ, त्याचे पीएचडीचे विद्यार्थी, प्रकल्पावरचे एक-दोन सहायक, आणि दोन-तीन फ्यूम हूड (विषारी वाफ बाहेर ओढणारी बंदिस्त टेबले). गट लहान असतो, आणि त्याचा विषय फार अरुंद असतो. ‘सेंद्रिय रसायन विभाग’ असे पाकिटावर लिहून पाठवलेले पत्र कोणाच्याच विषयाचे नसते. मागच्या तीन वर्षांतले शोधनिबंध पाहा, तुमच्या अभिक्रियेच्या जवळ जाणारा शास्त्रज्ञ शोधा, आणि पत्र त्याला लिहून प्रत विभागप्रमुखाला द्या.

विभागांना छेदून जाणारा दुसरा उभा धागा प्रकल्पांचा आहे. प्रत्येक प्रकल्पाला क्रमांक असतो आणि क्रमांकाच्या आधीची तीन अक्षरे पैसा कुठून आला ते सांगतात. एमएलपी म्हणजे प्रयोगशाळेचा स्वतःचा प्रकल्प, जीएपी म्हणजे सरकारी अनुदानाचा, एसएसपी म्हणजे उद्योगाने पूर्ण खर्च उचललेला, सीएलपी म्हणजे दोघांनी मिळून केलेला, सीएनपी म्हणजे सल्ला, टीएसपी म्हणजे तांत्रिक सेवा. एकच शास्त्रज्ञ एका वेळी तीन-चार क्रमांकांवर काम करत असतो. कोणते रसायन कोणत्या क्रमांकावर विकत घेतले याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, आणि एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्यात वापरता येत नाही. ‘एवढी मोठी संस्था आणि शंभर ग्रॅम सॉल्व्हंट देता येत नाही?’ असा प्रश्न मनात आला, तर उत्तर या तीन अक्षरांत आहे.

मनुष्यबळाच्या चार गटांपैकी चौथा शास्त्रज्ञांचा, तिसरा तांत्रिक अधिकाऱ्यांचा, दुसरा तंत्रज्ञांचा. शास्त्रज्ञांच्या पायऱ्या सायंटिस्ट, सीनियर, प्रिन्सिपल, सीनियर प्रिन्सिपल, चीफ अशा चढतात. बढती जागा रिकामी होण्यावर नव्हे, तर ठरावीक वर्षांनी होणाऱ्या मूल्यमापनावर मिळते. यंत्र चालवणारा बहुधा तिसऱ्या गटातला असतो. नमुना कसा तयार करावा हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्याला आधी फोन करा. काच फुंकणाऱ्या कारागिरांचा विभाग, अभियांत्रिकी सेवा, ग्रंथालय, सुरक्षा हे सगळे याच दोन गटांवर उभे आहे.

नमुना तपासून हवा असेल तर

बाहेरच्या लोकांचे सर्वाधिक काम याच दारात असते. एनएमआरची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना वाचणाऱ्या यंत्रांची, मध्यवर्ती सुविधा आणि पदार्थांच्या वैशिष्ट्यमापनाचे केंद्र ही दोन ठिकाणे मुख्य. क्रम असा ठेवा.

१. आधी प्रश्न लिहा, यंत्राचे नाव नंतर. ‘एनएमआर करून द्या’ हा प्रश्न नाही. ‘या बॅचमध्ये ०.१ टक्का अशुद्धी आहे का’ हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नेहमीच्या प्रोटॉन एनएमआरमध्ये सहसा मिळत नाही, त्यासाठी एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) लागते. चुकीच्या यंत्राचे बिल भरून बरोबर रिपोर्ट घरी नेणारे कारखाने कमी नाहीत.

२. सुविधेच्या प्रमुखाला संस्थेच्या लेटरहेडवर पत्र: नमुन्यांची संख्या, अपेक्षित रचना किंवा घटक, कशात विरघळतो, विषारी किंवा ज्वालाग्राही आहे का, उरलेला नमुना परत हवा की नष्ट करायचा. महाविद्यालय, सरकारी संस्था आणि उद्योग यांचे दर वेगळे असतात, म्हणून आपण कोण आहोत हे पहिल्याच ओळीत लिहा. जीएसटी क्रमांक द्या. चाचणी सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तुम्हाला तो परत घ्यायचा असेल, तर बिलावर तुमचा क्रमांक हवाच.

३. कोटेशन आल्यावर पैसे भरा, पावतीची प्रत जोडा आणि मगच नमुना पाठवा. पैशाआधी आलेला नमुना रांगेत लागत नाही, आणि ओलावा शोषणारा असेल, तर टेबलावरच खराब होतो.

४. बाटलीवर पेनाने लिहू नका. ॲसिटोनचा एक थेंब पडला की नाव जाते. छापील लेबल, त्यावर पारदर्शक टेप, आणि तोच क्रमांक पत्रात.

नमुन्याची तयारी इथे थोडी खोलात सांगतो, कारण बहुतेक नमुने परत जातात ते याच टप्प्यावर.

प्रोटॉन एनएमआरला ५ ते १० मिलिग्रॅम पुरतात, ०.६ मिलिलिटर ड्युटेरियमयुक्त सॉल्व्हंटमध्ये, ५ मिलिमीटरच्या नळीत. द्रवाची उंची चार-पाच सेंटिमीटर यावी. कार्बनला २० ते ५० मिलिग्रॅम द्या. निसर्गातल्या कार्बनपैकी फक्त १.१ टक्के कार्बन-१३ असतो, म्हणून कमी नमुना दिला की यंत्र रात्रभर लागते आणि दरही त्या प्रमाणात वाढतो. द्रावण कापसाच्या बोळ्यातून गाळून घ्या. तळाशी गाळ राहिला किंवा लोह, मँगनीजचा अंश उरला, तर शिखरे रुंद होतात आणि हा दोष पुढे कोणत्याही प्रक्रियेने दुरुस्त होत नाही.

उच्च विभेदनाच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीला (रेणूचे वस्तुमान मोजण्याला) एक मिलिग्रॅमही जास्त होतो. मिथेनॉल किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा, ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा. फॉस्फेट बफर आणि साबणासारखी द्रव्ये आत जाऊ देऊ नका, ती आयनीभवन दाबतात आणि पुढच्या दहा नमुन्यांत दिसत राहतात. आयसीपी या मूलद्रव्यांचे अंश मोजणाऱ्या यंत्रासाठी पूर्ण पारदर्शक आम्लद्रावण द्या, साधारण दोन टक्के नायट्रिक आम्लातले. हायड्रोफ्लोरिक आम्लात पचवलेला नमुना न सांगता देणे हा सगळ्यात मोठा गुन्हा. यंत्राची टॉर्च क्वार्ट्झची असते आणि ते आम्ल ती खाऊन टाकते, हाताळणाऱ्या माणसाला धोका वेगळाच. भुकटीच्या क्ष-किरण विवर्तनाला अगेटच्या खलात मऊ वाटलेली २०० ते ५०० मिलिग्रॅम भुकटी. भरड कण एकाच दिशेने बसतात आणि शिखरांची उंची खोटी येते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला नमुना हाडासारखा कोरडा हवा, नाहीतर निर्वात कक्षात वाफ सुटते.

रिपोर्ट औषध प्रशासनासाठी, निर्यातीसाठी किंवा न्यायालयासाठी हवा असेल, तर त्या विशिष्ट चाचणीला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा. संशोधनासाठी उत्तम असलेला आलेख नियामकाला चालेलच असे नाही.

आणखी एक गोंधळ. याच परिसरात एनसीएल इनोव्हेशन पार्कमध्ये व्हेंचर सेंटर आहे. २००७ साली सुरू झालेली ही नवउद्योगांची जोपासना करणारी कंपनी. ती एनसीएलच्या आश्रयाने उभी राहिली, पण कायद्याने वेगळी आहे. तिथेही विश्लेषणाची सेवा मिळते, भाड्याने प्रयोगशाळेची जागा मिळते. तिचे पत्र, तिचे कोटेशन, तिचे बँक खाते सगळे वेगळे. शेजारची आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था तर पूर्णपणे निराळी संस्था. कुरियरच्या पाकिटावर नुसते ‘एनसीएल कॅम्पस’ लिहू नका. सुविधेचे नाव, इमारत आणि घेणाऱ्या व्यक्तीचे पद लिहा.

सूक्ष्मजीव हवे असतील तर

औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह, एनसीआयएम, हा एनसीएलमधलाच. जिवाणू, यीस्ट, बुरशी इथून विकत मिळतात. मागणीपत्रात संग्रहाचा क्रमांक लिहा, नुसती प्रजाती नको. एकाच प्रजातीचे वेगवेगळे वाण असतात आणि एक सायट्रिक आम्ल भरपूर बनवतो, तर दुसरा जवळपास नाहीच. नळी हातात आल्यावर दोन दिवसांत सांगितलेल्या माध्यमावर उपसंवर्धन करा, वाढ नीट आली की ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर राखीव प्रती ठेवा, आणि रोजच्या कामासाठी त्याच प्रतींतून घ्या. एकाच नळीतून महिनोन्महिने पुढे पुढे लावत गेलात, तर वाण बदलतो आणि उत्पादन घटते.

पेटंटसाठी बुडापेस्ट कराराखाली सूक्ष्मजीव जमा करायचा असेल, तर हे दार नव्हे. त्यासाठी चंदीगडचे एमटीसीसी किंवा पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे एमसीसी (आताचे नाव एनसीएमआर). नावे सारखी वाटतात, म्हणून इथे वेळ वाया जातो आणि पेटंटच्या बाबतीत वेळ म्हणजेच अग्रक्रमाची तारीख.

उद्योगाने प्रकल्प द्यायचा असेल तर

लोटे, तारापूर, कुरकुंभच्या लहान कारखान्यांना एनसीएल आपल्यासाठी नाही असे वाटते. ते खरे नाही. पण प्रस्ताव कसा मांडला यावर पुष्कळ अवलंबून आहे.

पहिले पत्र शास्त्रज्ञाला आणि त्याची प्रत व्यवसाय विकास गटाला. दीड पानापेक्षा मोठे नको. त्यात इतके असावे: आज कोणती अभिक्रिया, किती लिटरच्या रिॲक्टरमध्ये, किती उतारा (हाती येणारे उत्पादन), मुख्य अशुद्धी कोणती, सॉल्व्हंट किती परत मिळतो, सांडपाण्याचा सीओडी (प्रदूषणाचे माप) किती, आणि किलोमागे किती खर्चाला आणायचे आहे. गुपित काहीही लिहू नका. ते गोपनीयतेच्या करारानंतर. शास्त्रज्ञाने बैठकीत ‘होईल’ म्हटले, म्हणजे संस्थेने होकार दिला असे नव्हे. संस्थेचा होकार म्हणजे संचालकांच्या अधिकारात झालेला करार. शास्त्रज्ञाच्या शब्दावर कच्चा माल मागवून बसलेले कारखाने मग त्याच माणसाशी भांडतात, आणि त्यात चूक कोणाचीच नसते.

करारात चार कलमे स्वतः वाचा, वकिलावर सोडू नका.

काम काय पूर्ण झाले म्हणजे झाले: ‘प्रक्रिया विकसित करणे’ हे वाक्य कोणालाच बांधत नाही, ‘५ लिटरच्या काचेच्या रिॲक्टरमध्ये सलग तीन बॅच, उतारा ८० टक्क्यांवर, ठरलेली अशुद्धी ०.२ टक्क्याखाली’ हे बांधते. बौद्धिक संपदा कोणाची: शोध प्रयोगशाळेचा असेल, तर पेटंट सहसा परिषदेच्या नावे राहते आणि तुम्हाला परवाना मिळतो, तो एकट्याला की अनेकांना, किती वर्षांसाठी, कोणत्या क्षेत्रासाठी, हे तिथेच ठरते. शोधनिबंध कधी छापायचा: विद्यार्थ्याची पीएचडी त्यावर असेल, तर त्याला प्रकाशन लागते, आणि पेटंट अर्जाआधी छापले गेले की नावीन्य संपते. म्हणून अर्जाची तारीख आधी, हे लेखी हवे. हप्ते कसे: पहिला हप्ता जमा झाल्याशिवाय प्रकल्पाला क्रमांक मिळत नाही आणि क्रमांकाशिवाय एक ग्रॅमही विकत घेता येत नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. सेंद्रिय विभागातला गट अर्ध्या लिटरच्या फ्लास्कमध्ये सुंदर मार्ग बसवतो, कारखाना तो थेट पाचशे लिटरला नेतो आणि तापमान हाताबाहेर जाते. हिशेब साधा आहे. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली, तर घनफळ हजारपट होते आणि भिंतीचे क्षेत्रफळ फक्त शंभरपट. म्हणजे उष्णता हजारपट निर्माण होते आणि ती बाहेर न्यायला शंभरपटच जागा. फ्लास्कमध्ये बर्फाच्या पाण्यात अर्ध्या तासात घातलेला अभिकारक मोठ्या भांड्यात चार-पाच तास थेंबथेंब घालावा लागतो, आणि तेवढ्या वेळात अस्थिर मध्यवर्ती पदार्थ तग धरतो का हा नवाच प्रश्न उभा राहतो. ढवळण्याचेही तसेच. फ्लास्कमध्ये चुंबकी कांडीने एकजीव होणारे दोन थर मोठ्या रिॲक्टरमध्ये वेगळेच राहतात.

म्हणून प्रस्तावात पहिल्या दिवसापासून रासायनिक अभियांत्रिकी विभागाचा शास्त्रज्ञ सहप्रमुख म्हणून मागा. उष्मामापन, सॉल्व्हंटची पुनर्प्राप्ती आणि भौतिक ताळेबंद हे त्याचे काम. खर्च वाढतो, हे खरे. पण संस्थेची ताकद इथेच आहे: रसायनज्ञ, अभियंता आणि कॅटॅलिस्टचा पायलट प्लांट एकाच आवारात मिळणे आपल्या देशात सोपे नाही. १९८० च्या दशकात ‘एन्सिलाइट’ मालिकेतले झिओलाइट कॅटॅलिस्ट पाषाणहून बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या कारखान्यापर्यंत पोहोचले ते कॅटॅलिसिस आणि अभियांत्रिकी एकत्र बसल्यामुळेच.

विद्यार्थ्यांसाठी

एमएस्सीच्या प्रबंधासाठी महाविद्यालयाचे पत्र, गुणपत्रके आणि शास्त्रज्ञाची लेखी तयारी, हे तीन कागद एकत्र झाले की मनुष्यबळ विभाग परवानगी देतो. शास्त्रज्ञाला ईमेल पाठवताना त्याचा एक शोधनिबंध वाचून त्यातली कोणती गोष्ट शिकायची आहे ते तीन ओळींत लिहा. ‘आदरणीय सर, मला कोणताही विषय चालेल’ अशी पत्रे रोज येतात आणि त्यांना उत्तर येत नाही. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठी तीन विज्ञान अकादमींची संयुक्त फेलोशिप हा चांगला मार्ग. अर्ज आदल्या वर्षीच्या शेवटच्या महिन्यांत भरायचा असतो, आणि मे उजाडल्यावर जागे झालेल्यांना तो मिळत नाही.

पीएचडीची पदवी बहुतेकांना ॲकॅडमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्चकडून, म्हणजे ‘ॲक्सिर’कडून, मिळते. ही संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली, गाझियाबादला मुख्यालय असलेली संस्था. प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि ऑगस्टच्या सत्रांसाठी. त्यासाठी बहुतेकांकडे सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ ही संशोधनवृत्ती असते. रसायनाच्या पेपरात अ भागात २० पैकी १५, ब भागात ४० पैकी ३५, क भागात ६० पैकी २५ प्रश्न सोडवायचे. एकूण २०० गुण, तीन तास. क भागात प्रश्नाला ४ गुण आणि चुकीला एक गुण वजा, म्हणून तिथे अंदाज परवडत नाही. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ (वरची वृत्ती) झाल्यावर ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा.

जेआरएफ आणि प्रकल्प सहायक यांतला फरक नीट समजून घ्या. जेआरएफ तुमची असते, ती दिल्लीच्या पुसा संकुलातल्या मनुष्यबळ विकास गटाकडून येते, आणि तुमच्याबरोबर फिरते. प्रकल्पावरची जागा प्रकल्पाची असते. प्रकल्प संपला की ती संपते, आणि तिच्यातून पीएचडीला प्रवेश आपोआप मिळत नाही.

गाइड निवडताना नाव आणि निबंधांची संख्या सगळे पाहतात. निवृत्तीची तारीख मात्र कोणी पाहत नाही. सीएसआयआरचे शास्त्रज्ञ साठाव्या वर्षी निवृत्त होतात आणि पीएचडीला पाच वर्षे धरून चाला. सत्तावन्न वर्षांच्या गाइडकडे जायचे असेल, तर सहमार्गदर्शक पहिल्या दिवशी कागदावर हवा. नाहीतर शेवटच्या वर्षात खोली, हूड आणि रसायनांचा प्रकल्प क्रमांक, तिन्ही एकदम जातात. गाइडच्या गटातल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी अर्धा तास बोला. कॅन्टीनमध्ये हे सहज होते.

ॲक्सिरच्या अभ्यासक्रमात ग्रामीण गरजेवरचा ‘सीएसआयआर-८००’ प्रकल्पही आहे, साधारण सहा ते आठ आठवड्यांचा. शेवटच्या वर्षावर ढकलू नका. प्रबंध तयार असून या एका गोष्टीसाठी तो अडतो.

पुरवठादारांसाठी

खरेदी केंद्राच्या वित्तीय नियमांनी चालते, आणि जी वस्तू जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर मिळते तिच्यासाठी पहिले दार तेच. वैज्ञानिक संस्थांसाठीच्या मर्यादा जून २०२५ मध्ये वाढल्या: २ लाखांपर्यंत कोटेशनशिवाय, २ ते २५ लाखांपर्यंत खरेदी समितीमार्फत, त्यापुढे निविदा. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकांना अनामत रकमेतून सूट मिळते, पण प्रमाणपत्र निविदेसोबतच जोडावे लागते, मागाहून चालत नाही. तांत्रिक आणि किमतीचे लिफाफे वेगळे असतात. तांत्रिक कागदात किंमत दिसली, तर निविदा तिथेच बाद. जानेवारीनंतर मोठी ऑर्डर मिळाली, तर माल ३१ मार्चपूर्वी पोहोचून तपासला जाईल का याचा विचार आधी करा, कारण वर्ष संपले की त्या रकमेची मंजुरी पुन्हा घ्यावी लागू शकते.

माहिती हवी आणि उत्तर येत नसेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. पण ही केंद्राच्या अखत्यारीतली संस्था आहे. महाराष्ट्र सरकारच्या कचेऱ्यांत चालतो तो कोर्ट फी स्टॅम्प इथे चालत नाही. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा किंवा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर भरा. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिले अपील त्यानंतरच्या ३० दिवसांत संस्थेतल्याच अपील अधिकाऱ्याकडे, दुसरे ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे, राज्य आयोगाकडे नव्हे. प्रकल्पाचा क्रमांक, पत्राची तारीख आणि विभाग लिहिला, तर अर्ज नेमक्या टेबलावर जातो. ‘आजवरच्या सर्व प्रकल्पांची माहिती’ मागितली, तर संस्थेच्या मनुष्यबळावर अवाजवी भार पडतो असे उत्तर येते, आणि कायद्यात त्याला आधारही आहे.

नुसती संस्था पाहायची असेल, तर २८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. त्या सुमारास प्रयोगशाळा लोकांसाठी उघडी असते. शाळेची सहल नेणार असाल, तर आधी नोंदणी करा, मुलांच्या पायांत बंद बूट असू द्या, आणि काच फुंकणाऱ्या कारागिरांपुढे पुरेसा वेळ ठेवा.